'वाहक' म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडच्या एका आशाताईंचा आहे. गोंदियाहून कामासाठी आलेलं एक कुटुंब त्यांच्या भागात भाड्यानं राहतं. लेकीच्या तपासणीच्या कागदावर 'सिकलसेल वाहक' असं लिहून आलं. सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. घरमालकीणबाईंनी ते वाचून विचारलं, "वाहक म्हंजी हिच्यापासनं दुसऱ्याला लागतं का काय?" ताई विचारतात: वाहक, रुग्ण, बाधित, ग्रस्त यांत फरक काय, आणि 'वाहक' हा शब्द तरी बरोबर आहे का?

ताई, शब्द बरोबर आहे, पण घरमालकीणबाईंचं फारसं चुकलेलं नाही. 'वाहक' आपण रोज वाचतो तो एसटीत, वाहकाच्या सीटवर. विज्ञानाच्या पुस्तकात तांबं विजेचं सुवाहक असतं. आणि आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या सूचनांत डास रोगवाहक असतो. तिन्ही ठिकाणी वाहक कुणाला तरी, काहीतरी पोचवतो. आजाराशेजारी हा शब्द आला की कान आपोआप डासाकडेच जाणार. सिकलसेलचा वाहक मात्र शेजाऱ्याला काहीच पोचवत नाही. त्याच्याकडे आईबापांपैकी एकाकडून बदललेलं जनुक आलेलं असतं आणि दुसऱ्याकडून चांगलं. तो साधारणपणे धडधाकट असतो. पोचवलंच तर पोटच्या लेकराला, आणि तेही दर वेळी नाही.

दोन्हीकडून तसंच जनुक आलं तर तो रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे असह्य दुखतात, रक्त कमी पडतं. 1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचं वर्णन केलं तेव्हा त्यांना विळाच आठवला, म्हणजे इंग्रजीत 'सिकल'. आपल्याकडे संस्कृत वळणाचा 'दात्र' आहे, अर्थ तोच, पण दात्रकोशिका म्हटलं तर गावात कुणी मान वर करून बघणार नाही. सिकलसेलच बरं.

'बाधित' इथे नकोच. कोरोनात तो लागण झालेल्याला चिकटला, आणि त्याआधी तर आपल्याकडे बाधा म्हणजे बाहेरची. ती उतरवायला देवऋषी असतो. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला, ग्रहणातल्या चंद्रासारखा. खऱ्या रुग्णालाही मी तो लावणार नाही, वाहकाला तर मुळीच नाही. राहिला 'पॉझिटिव्ह'. पहिली जी साधी विद्राव्यता चाचणी होते, ती वाहक आणि रुग्ण दोघांचीही पॉझिटिव्हच येते. कोण कोणता, हे पुढच्या तपासणीत कळतं. त्या मधल्या दिवसांत गावात जे बोललं जातं ते मग पुसता येत नाही.

हा गोंधळ आपल्याच भाषेपुरता नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकात काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, वाहक आणि रुग्ण यांतला फरक नीट न समजावता. आजार तिथे काळ्या लोकांचा म्हणून ओळखला जायचा. निरोगी वाहकांना नोकरीत आणि विम्यात त्रास झाला. हवाई दलाच्या अकादमीचं दार त्यांच्यासाठी 1981 पर्यंत बंद होतं. आपल्याकडे 'हा विदर्भातला', 'हा आदिवासींचा', 'थॅलसेमिया (असाच रक्ताचा आनुवंशिक आजार) सिंध्यांचा' अशी वाटणी ऐकू येते. जनुक जात बघत नाही. जातीतल्या जातीत लग्नं करून आपण ते तिथे कोंडून ठेवतो.

आपल्या भागात तर मामाच्या मुलीवर आत्याच्या पोराचा पहिला हक्क. एकाच आजोबांचं जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता त्यामुळे वाढते. पण पत्रिका जुळवताना एकनाड तेवढी बघतात, आणि वर सांगतात की एकनाड म्हणजे एकच रक्तगट! रक्तगटाचा आणि नाडीचा काही संबंध नाही. आणि पोर आजारी निघालं की खोट सुनेतच. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजाराच्या, धड्यातली 'वाहक माता' लोकांच्या डोक्यात पक्की बसली आहे. सिकलसेलला ती लागू नाही: मूल रुग्ण असेल तर जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेलं असतं.

'निर्मूलन' हा शब्दही जरा जपून. साताऱ्याला तो नवा नाही. इथल्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. देवीच्या रोगाचंही निर्मूलन झालं. पण अंधश्रद्धा आणि देवीचा विषाणू माणसापासून वेगळे काढता येतात, जनुक येत नाही. 1 जुलै 2023 ला शहडोलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेच्या नावात 'उन्मूलन' आहे, मुदत 2047 ची. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा आजार संपवायचा, एवढाच त्याचा अर्थ. वाहक मुलीनं नुसतं नाव वाचलं तर तिला काय वाटेल? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचंही असंच. यादीत सिकलसेल आहे, नोकरीतल्या 4 टक्के राखीव जागांच्या गटांत नाही. नावात असणं आणि हातात पडणं वेगळं.

जाता जाता: कागदावर 'अनुवांशिक' छापलं असेल तर ते 'आनुवंशिक' करून घ्या. अनुवंश अधिक इक. वाढतो तो पहिला स्वर, आनुषंगिकसारखा.

तर बोलताना काय म्हणावं? विदर्भातले कार्यकर्ते वाहकाला 'एएस' आणि रुग्णाला 'एसएस' म्हणतात. कोरडं आहे, पण त्यात खोट ऐकू येत नाही. ताईंनी स्वतः घरमालकीणबाईंना सांगितलं ते मला जास्त आवडलं: "सातबाऱ्यावर नाव हाय, पीकपाहणीत न्हाय." फक्त एक सुधारणा. जमीन वाटणीत गुंठ्यागुंठ्यानं कमी होत जाते. जनुकाची वाटणी होत नाही. लेकराकडे आलं तर अख्खं येतं, नाहीतर येतच नाही. नवराबायको दोघंही वाहक असतील तर दर खेपेला चारात एक शक्यता आजाराची, आणि पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं. हिशेब दर बाळंतपणाला नव्यानं सुरू होतो.