मान वळली म्हणजे घोडा मोकळा झाला असं नाही

तुमचा प्रश्न सविस्तर आहे म्हणून उत्तरही जरा लांबच देतो. रेसमधून काढलेला आठ वर्षांचा थरोब्रेड (शर्यतीसाठी पाळली जाणारी जात), डावीकडे वळताना कडक, डावा लगाम हातात नुसता जड लागतो. एक सर म्हणतात ड्रॉ रेन्स (मान खाली आणणारे जादाचे लगाम) लावा आणि महिनाभर मान खाली घेऊन चालवा. दुसरे सर म्हणतात रोज घोडा उभा करून मान दोन्हीकडे वळवून घ्या. आणि तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं की हे सगळं क्रूर आहे, लगाम सोडून द्या, घोडा आपला आपण मोकळा होतो. यातलं बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते तिघंही मानेवरून भांडतायत आणि तुमच्या घोड्याची अडचण मानेत नाहीच. ती पाठीत आणि मागच्या पायांत आहे, आणि डावीकडे जाणवतेय म्हणून डावीकडेच आहे असंही समजू नका.

तबेल्यात उभा असताना त्याच्या डाव्या कुशीवर माशी बसली की तो काय करतो ते बघा. तोच कडक घोडा मान पार मागे वळवून दातांनी कूस खाजवतो. घोड्याच्या मानेत ७ मणके असतात आणि तो भाग भरपूर वळतो. त्याच्या मागे पाठीचे १८, त्यांना बरगड्या जोडलेल्या, त्यामुळे ते आडवे फार कमी वाकतात. कमरेचे ६ तर जवळजवळ वाकतच नाहीत, आणि त्यामागचे ५ एकमेकांना जुळूनच गेलेले असतात. म्हणजे आपण ज्याला बेंड म्हणतो तो डोक्यापासून शेपटीपर्यंत सारखा बाक नसतोच. आतला, म्हणजे वळणाच्या बाजूचा, मागचा पाय पोटाखाली येतो, बरगड्यांचा पिंजरा जरासा बाहेरच्या अंगाला झुकतो आणि धड दोन्ही खांद्यांच्या मधे थोडं फिरतं. आपल्यासारखं खांद्याला जोडणारं गळ्याजवळचं हाड घोड्याला नसतं, धड पुढच्या दोन पायांच्या मधे नुसतं स्नायूंनी टांगलेलं असतं, आणि ही टांगलेली जागा आखडली की घोडा वळताना लाकूड होतो. मान वळवायला कुठल्याच घोड्याला शिकवावं लागत नाही हो, ते त्याला येतंच.

आता डाव्या लगामाचं बघू. बहुतेक घोडे मुळातच थोडे तिरके चालतात. समजा तुमच्या घोड्याचा उजवा मागचा पाय धडाखाली न पडता जरा बाहेर पडतोय. मग धडाचं वजन तिरकं डाव्या खांद्यावर जातं, आणि तो खांदा सावरायला घोडा डाव्या लगामावर टेकतो. स्वाराला वाटतं डावी बाजू कडक आहे, म्हणून तो डावीकडे ओढतो, आणि ओढलं की घोड्याला टेकायला अजून पक्का आधार मिळतो. उजवीकडे मात्र हात हलका, मान लगेच वळते, म्हणून आपण म्हणतो वा, उजवीकडे किती मऊ आहे. तो मऊ नाहीये, तो उजवा लगाम घेतच नाहीये. त्यामुळे तुमचं अर्ध्याहून जास्त काम उजव्या बाजूचं आहे, उजवा मागचा पाय आत आणायचा आणि घोड्याला उजव्या लगामाशी नीट संपर्क ठेवायला लावायचं, तेव्हा कुठे डावा हात हलका होईल.

ड्रॉ रेन्स यात काय करतात? ती पट्टी तंगापासून (खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा) निघून बिटच्या (तोंडातली लोखंडी कांडी) कडीतून तुमच्या हातात येते, म्हणजे कप्पीसारखं काम होतं, तुमच्या हाताची ताकद तोंडावर जवळपास दुप्पट होऊन पोचते. घोडा त्यातून वाचायला हनुवटी छातीकडे घेतो. आणि वाकतो कुठे, तर कानांच्या मागे नाही, त्याच्याही खाली दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी, तिथे मानेवर एक कोपरा दिसायला लागतो, तो बघायला शिका. लांबून बघणाऱ्याला घोडा गोल दिसतो पण पाठ होती तिथेच आहे आणि मागचे पाय अजूनच मागे राहिलेत. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊच शकत नाही, आणि मान अशी दुमडली की घशाची जागा आवळते हे वेगळंच. एखादा मुरलेला स्वार जंपिंगच्या घोड्यावर दोन मिनिटं सैल ठेवून वापरतो, त्याला मी पाप म्हणणार नाही, त्याचा हात वेगळा असतो. पण ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या ठरलेल्या हालचाली दाखवायच्या, स्पर्धेत त्यांना परवानगीच नाही, आणि शिकणाऱ्या स्वाराच्या हातात महिनाभर ड्रॉ रेन्स द्यायला माझा सरळ विरोध आहे. काढल्या की घोडा होता तसाच मिळतो, वर मानेचे खालचे स्नायू फुगलेले.

आणि हा वाद आजचा नाहीये. १७ व्या शतकात इंग्लंडचा विल्यम कॅव्हेंडिश, न्यूकॅसलचा ड्यूक, १६४४ ला मार्स्टन मूरची लढाई हरून देशाबाहेर गेला आणि अँटवर्पला चित्रकार रूबेन्सच्या घरात भाड्याने राहून घोडे शिकवत बसला. खोगिरापासून निघून नाकपट्टीच्या कडीतून हातात येणारी पट्टी त्याने भरपूर वापरली, लक्षात घ्या, नाकावर, बिटवर नाही. डोकं आत आणि पुठ्ठा (घोड्याचा मागचा भाग) बाहेर ठेवून वर्तुळात फिरवायचं, त्याने खांदे मोकळे होतात हे त्याचं बरोबर होतं. पुढे फ्रान्समधे गेरिनियेर या घोडेस्वारीच्या गुरूने (१६८८ ते १७५१) यातली खोट दाखवली, की वर्तुळात पुठ्ठा बाहेर गेला की सगळं वजन पुढच्या पायांवर पडतं. म्हणून त्याने तोच व्यायाम वर्तुळातून काढून सरळ भिंतीच्या कडेने नेला, आणि तेच आपलं शोल्डर-इन. फरक दिसायला बारीक आहे पण आतल्या मागच्या पायाला आता बाहेर पळता येत नाही, त्याला धडाखाली येऊन वजन उचलावं लागतं. तीनशे वर्षं होत आली, अजून यापेक्षा चांगला व्यायाम कोणी काढलेला नाही असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या दुसऱ्या सरांची पद्धत बोशेची. फ्रान्स्वा बोशे, १९ व्या शतकातला, पॅरिसच्या सर्कशीत घोडे दाखवायचा आणि घोडे अफाट तयार करायचा यात शंका नाही. त्याचं म्हणणं, घोड्याचा विरोध आधी जबड्यात आणि मानेत असतो, म्हणून उभ्या घोड्याचा जबडा आणि मान आधी मऊ करा. १८४२ च्या सुमारास फ्रेंच सैन्याने ही पद्धत करून बघितली आणि शेवटी घेतली नाही. जर्मनीत झीगर हा घोडेस्वारीचा शिक्षक आणि त्याचा शिष्य श्टाइनब्रेश्ट यांनी कडाडून विरोध केला, त्यांचं म्हणणं एवढंच की घोडा पुढे चालवा आणि सरळ करा, उभ्या घोड्याची मान मऊ केली तर ती खांद्यांपासून सुटते आणि मग वळवायला हातात काही उरत नाही. पण बोशेचा उत्तरार्ध लोक विसरतात. १८५५ ला त्याच्या अंगावर झुंबर पडलं, तो जबर जखमी झाला, आणि त्यानंतर त्याने स्वतःचीच पद्धत बदलली, साधा स्नॅफल (सौम्य बिट), हात उचललेला, आणि स्वाराचा हात काम करत असेल तेव्हा पाय नाही, पाय असेल तेव्हा हात नाही. त्या नंतरच्या बोशेकडून आणि गेरिनियेरकडून दोन्हीकडून घेऊन पोर्तुगालच्या नुनो ऑलिव्हेराने विसाव्या शतकात जे घोडे तयार केले ते जुने व्हिडिओ शोधून बघाच. म्हणून दुसऱ्या सरांना मी पूर्ण चूक म्हणणार नाही. जबडा आवळून धरलेल्या घोड्याला जमिनीवर उभं राहून हलक्या बोटांनी तो सोडायला लावणं चांगलंच आहे, घोडा बिट चघळतो, गिळतो, खांदा सोडतो. पण ते दोन मिनिटांचं काम. मान ओढून रिकिबीला नाक लावायचं हा त्याचा अर्थ नाही.

नव्या काळातला वाद तुम्हाला माहीत असेल, रोलकुर, म्हणजे हनुवटी छातीला लावून घोडा चालवायचा. २००९ मधे डेन्मार्कच्या ओडेन्सेमधे वॉर्मअप करणाऱ्या एका घोड्याची निळी पडलेली जीभ व्हिडिओत दिसली आणि जगभर गदारोळ झाला. फेब्रुवारी २०१० मधे एफईआयने (घोडेस्वारीची जागतिक संघटना) लोझानला बैठक घेऊन जबरदस्तीने मान अशी दुमडायला नाही म्हटलं, पण जबरदस्तीशिवाय खाली-आणि-गोल चालवणं मान्य ठेवलं. जबरदस्ती कुठे सुरू होते हे ठरवणार कोण, म्हणून भांडण आजही मिटलेलं नाही. माझं विचाराल तर घोड्याला ती मान स्वतः सोडता येते का, एवढंच बघायचं. येत नसेल तर ती जबरदस्ती.

आपल्याकडे २०२३ मधे हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत अनुष, हृदय, दिव्यकृती, सुदीप्ती यांनी ड्रेसाजचं टीम गोल्ड आणलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी सोनं, त्यात हृदय छेडा आपला मुंबईचा. तेव्हापासून रायडिंग स्कूलमधे प्रत्येकाला घोड्याची मान तशी कमानदार हवी असते. ती कमान अनेक वर्षांच्या कामानंतर पाठीतून वर येते, पुढून ओढून आणता येत नाही.

मैत्रिणीबद्दल. खाली ताणू द्यायचं हे तिचं अगदी बरोबर, कारण डोक्यामागून निघून खांद्याच्या उंचवट्यावरच्या हाडांना लागलेला एक जाड बंध असतो, मान पुढे-खाली गेली की तो ताणला जातो आणि पाठ उचलायला मदत होते. पण त्यासाठी नाक पुढे जायला हवं आणि मागचे पाय चालायला हवेत. लगाम नुसते टाकून दिले तर रेसचा घोडा पुढच्या पायांवर कोसळत धावतो, त्यात मोकळं काही होत नाही.

आता करायचं काय. सुरुवात वॉकवर, लांब लगामावर, भरपूर. मग २० मीटरचं वर्तुळ, दोन्ही दिशांनी, उजवीकडे जास्त. मग शोल्डर-इन, तेही आधी वॉकवर. कोपऱ्यात १० मीटरचं वर्तुळ काढा, भिंतीशी परत आलात की दुसरं वर्तुळ सुरू केल्यासारखं पहिलं पाऊल आत टाकू द्या, पुढचे पाय भिंतीपासून आत आले की लगेच बाहेरच्या लगामाने त्याला सांगा की आता आत नाही, भिंतीच्या कडेने चल. तुमचा आतला पाय तंगापाशी, दाबून धरायचा नाही, घोड्याचा आतला मागचा पाय उचलला जातो त्या क्षणी फक्त लावायचा आणि सोडायचा. तो क्षण ओळखायचा कसा, तर त्याचं पोट बाहेरच्या बाजूला झुलतं, तुमचा आतला मांडीचा सांधा किंचित खाली जातो, तेव्हा. कोन तीसेक अंशांचा, समोरून बघणाऱ्याला तीन रेघा दिसायला हव्यात: आतला पुढचा, मग बाहेरचा पुढचा आणि आतला मागचा एकाच रेघेवर, मग बाहेरचा मागचा. पाचसहा पावलं नीट पडली की सोडा, सरळ पुढे काढा, मान लांब करू द्या. दमेपर्यंत ओढत नेऊ नका. त्यात मान जास्त वळली आणि खांदा भिंतीकडे पळाला तर ते शोल्डर-इन नाही, बाहेरचा लगाम धरा आणि आतला सोडा.

आणि रोज एक तपासणी. ट्रॉटवर (दुडक्या चालीवर) वर्तुळात असताना आतला हात पुढे नेऊन आतला लगाम दोन पावलं पूर्ण सैल करा. घोडा त्याच वर्तुळावर त्याच लयीत राहिला तर तो खरंच मागच्या पायावर वळतोय. आत कोसळला, बाहेर पळाला किंवा वेग वाढवला तर तुम्ही त्याला लगामाने धरून ठेवलं होतं. मग दोन्ही लगाम हळूहळू बोटांतून सरकू द्या, मोकळा घोडा नाक पुढे-खाली नेत लगाम मागून घेतो, फुरफुरतो, शेपटी दोन्हीकडे सारखी झुलते. दोन्ही सरांच्या पद्धती तुम्ही आठवडा-आठवडा करून बघा म्हणत असाल तर ड्रॉ रेन्सपुरतं माझं उत्तर नाहीच, पण तपासणी दोघांनाही हीच लावा आणि त्यांच्यासमोरच लावा.

हे सगळं सुरू करायच्या आधी दात बघणाऱ्या डॉक्टरला बोलवा, रेसच्या घोड्यांचे दात बरेचदा दुर्लक्षित असतात आणि बिटपाशी लागणारा एक छोटा दात पूर्ण चित्र बदलतो. खोगिराखाली हात घालून बघा, डाव्या-उजव्या बाजूला सारखा दाब आहे का. ब्रश करताना खोगिराच्या जागी पाठ खाली दबते किंवा कान मागे जातात का तेही बघा, थरोब्रेडमधे पाठीच्या मणक्यांची वरची टोकं एकमेकांना घासण्याचा त्रास बऱ्यापैकी सापडतो, आणि तो असेल तर व्यायाम करून मोकळा होणार नाही, आधी एक्स-रे काढून उपचार करावे लागतील. ते बघून झालं की कळवा, मग उजव्या बाजूच्या कामाचं पुढचं सांगतो.