बी.एड.ची पात्रता: टक्केवारीची धास्ती आणि दोन फसवे सल्ले

सप्रेम नमस्कार,

निफाड तालुक्यातून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपली मुलगी नाशिकच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला माध्यमिक शाळेत शिक्षिका व्हायचे आहे. मात्र आतापर्यंतचे गुण पाहता पदवीला ५० टक्के पडतील की नाही, याची आपल्याला धास्ती वाटते. त्यातच एका नातेवाइकाने मुक्त विद्यापीठातून घरबसल्या बी.एड. करण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्या परिचिताने हजेरी न लावता बी.एड. पूर्ण करून देणाऱ्या एका महाविद्यालयाचे नाव सुचवले. एम.एस्सी. आधी करावी की बी.एड., असेही आपण विचारले आहे. आपण इतर मागासवर्गात मोडत असून मुलीचे जात प्रमाणपत्र काढलेले आहे, पण पडताळणी झालेली नाही, हे आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार बी.एड.च्या प्रवेशासाठी पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात आणि महाराष्ट्रातील मागासवर्गीय उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्क्यांची आहे. म्हणजे आपल्या मुलीला गाठायचा आकडा ५० नसून ४५ आहे, परंतु ही सवलत कागदपत्रे वेळेवर हाती असतील तरच मिळते. शिवाय नियमात ‘किंवा’ आहे, हेही लक्षात ठेवावे. पदवीला गुण कमी पडले आणि पुढे एम.एस्सी.ला ५० टक्के मिळाले, तरी बी.एड.चे दार उघडे राहते. मात्र ४९.६ टक्क्यांना कोणी ५० धरून घेईल, या भरवशावर कोणीही राहू नये.

टक्केवारीचा हिशेब घरी मांडतानाही एक चूक सर्रास होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आता श्रेयांक पद्धतीचे अंक येतात आणि ५.८ दिसले की पालक त्याला सरळ दहाने गुणून मोकळे होतात. अर्ज भरताना विद्यापीठाने ठरवून दिलेल्या सूत्राने काढलेली टक्केवारीच धरली जाते, म्हणून मुलीच्या गुणपत्रिका घेऊन महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जावे, तिथून रूपांतर करून घ्यावे आणि मगच काळजी करायची की नाही ते ठरवावे.

प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची बी.एड. सीईटी द्यावी लागते. पदवीच्या अंतिम वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ती देता येते, त्यामुळे निकालाची वाट पाहत वर्ष वाया घालवण्याचे कारण नाही. परीक्षेत बहुपर्यायी १०० प्रश्न असून त्यांपैकी ४० बुद्धिमत्तेवर, ३० सामान्य ज्ञानावर आणि ३० अध्यापन अभियोग्यतेवर असतात. वेळ ९० मिनिटांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड. महाविद्यालयात जायचे असेल तर इंग्रजीची स्वतंत्र चाचणी द्यावी लागते. नाशिक शहरात इंग्रजी शाळांची संख्या मोठी असल्याने तिने ही चाचणीही द्यावी, असे मी सुचवीन.

आता मुक्त विद्यापीठाविषयी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या नाशिकलाच, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे आणि त्यामुळेच की काय, तिथून कोणालाही घरबसल्या बी.एड. करता येते हा गैरसमज आपल्या जिल्ह्यात फार आढळतो. दूरशिक्षणाने होणारे बी.एड. प्रामुख्याने सेवेत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी, तसेच मान्यताप्राप्त अध्यापक शिक्षण अभ्यासक्रम नियमित वर्गात बसून आधीच पूर्ण केलेल्या उमेदवारांसाठी आहे. डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला लागलेल्या आणि पदवी हाती असलेल्या गुरुजींना तो मार्ग उत्तम आहे. कदाचित आपल्या नातेवाइकाने असेच कोणाचे तरी उदाहरण पाहिले असावे. नुकतीच बी.एस्सी. झालेली मुलगी त्या अटीत बसत नाही.

दुसऱ्या सल्ल्याबाबत मात्र मी स्पष्टच लिहितो: त्या वाटेला जाऊ नये. बी.एड. हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. दर वर्षी किमान २०० कामाचे दिवस, वर्गातील अभ्यासक्रमासाठी ८० टक्के आणि शाळेतील छात्रसेवाकालासाठी ९० टक्के उपस्थिती ही राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची अट आहे. दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात आणि त्यांतील १६ आठवडे दुसऱ्या वर्षी येतात. बी.एड.चा खरा कस या आठवड्यांतच लागतो. पाठाचे टाचण रात्री जागून लिहायचे, दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात आम्ल-आम्लारींचा पाठ घ्यायचा, मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी ‘फळ्यावरचे अक्षर लहान आहे, प्रश्न एकाच रांगेला विचारले’ असा शेरा लिहायचा आणि तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यायचा. ज्या महाविद्यालयात हे घडतच नाही, तिथून मिळालेल्या कागदाचे शुल्क कितीही कमी असो, तो महागच पडतो. मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराला संस्था प्रत्यक्ष पाठ घ्यायला लावतात, तेव्हा सगळे उघडे पडते. महाविद्यालय निवडताना त्याला परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे आधी तपासावे आणि त्यानंतर सरावासाठी कोणत्या शाळा जोडलेल्या आहेत, याची चौकशी करावी.

एम.एस्सी. की बी.एड., याचे उत्तर तिला कोणत्या वर्गाला शिकवायचे आहे त्यावर अवलंबून आहे. नववी-दहावीसाठी पदवी व बी.एड. पुरते. सहावी ते आठवीसाठी यासोबत शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही हवेत. पहिली ते पाचवीचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, कारण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बी.एड. ही त्या वर्गांसाठीची पात्रता नसल्याचा निर्णय दिला आहे. आपण माध्यमिक शाळेचा उल्लेख केला आहे, त्यामुळे मी आधी बी.एड. आणि नंतर एम.एस्सी. असा क्रम सुचवतो. ४५ टक्केही निसटले, तरच हा क्रम उलटा करावा. तिने पहिल्या वर्षी गणित विषय घेतला होता का, हे आपण लिहिलेले नाही. घेतला असल्यास विज्ञानाबरोबर गणिताची अध्यापन पद्धती मिळते का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे, कारण शाळांना गणित आणि विज्ञान दोन्ही सांभाळणारा शिक्षक हवा असतो. पुढे पवित्र पोर्टलमार्फत होणाऱ्या भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी वेगळी द्यावी लागेल, पण ती बी.एड.नंतरची गोष्ट आहे.

एक वर्षाचे बी.एड. येणार असल्याची चर्चा आपल्याही कानावर आली असेल. त्याचा मसुदा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांपुरता आहे. तीन वर्षांच्या पदवीवर त्याची वाट पाहत बसू नये.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो. ४५ टक्क्यांची सवलत आणि आरक्षित जागा या दोन्हींसाठी जात वैधता प्रमाणपत्र व चालू वर्षात ग्राह्य असलेले नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या इतर मागासवर्गीय मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही माफी मिळत नाही. पडताळणीला वेळ लागतो आणि जुन्या शाळेच्या दाखल्यात आजोबांच्या नावात एखादी वेलांटी चुकलेली निघाली तर आणखी लागतो. म्हणून द्राक्षाच्या हंगामात आपण अडकण्याआधी मुलीच्या महाविद्यालयामार्फत जात पडताळणी समितीकडे प्रस्ताव दाखल करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. सीईटीचा अर्ज त्यानंतर भरला तरी चालेल.

आपला,
करिअर मार्गदर्शक, नाशिक