वेग २६,४०० वरच अडकतोय? आधी लाइन कशावरून येते ते विचारा

तुम्ही लिहिलंय की फोनलाइनवरून इंटरनेट जोडणारा तुमचा डायल-अप मोडेम सेकंदाला २६,४०० बिट्सच्या वर कधीच जोडला जात नाही, पहाट असो वा रात्र, आणि टेलिफोन कंपनी म्हणते, ‘आवाज स्वच्छ येतोय, लाइन ठीक आहे.’ वाचताना पोटात कालवलं. माझे चार महिने याच उत्तरात गेले.

दुसरा मोडेम लावून पाहणं, घरातलं सगळं वायरिंग सोडवून थेट बाहेरच्या डबीवर तपासणं हे तुम्ही केलंच असणार, त्यात शिरत नाही.

माझी चूक पहिल्याच फोनला झाली. मी म्हणालो, “इंटरनेट फार हळू चालतंय.” तक्रारीवर शेरा पडला: इंटरनेटची अडचण, लाइनचा दोष नाही. पुढे दर वेळी समोरचा माणूस आधी तो शेरा वाचायचा आणि मला इंटरनेटवाल्यांकडे पाठवायचा. ते म्हणायचे, लाइन तपासून घ्या. साध्या फोनलाइनवर कंपनी बोलण्याची हमी देते, डेटाच्या वेगाची नाही, हे मला मान्य आहे. पण माझी लाइन कशी ओढली आहे याची नोंद त्यांच्याच दप्तरात होती. ती उघडून बघायला चार महिन्यांत एकालाही सवड झाली नाही, याचा राग अजून जात नाही.

शेवटी उलगडा केला तो दुसऱ्याच कामाला आलेल्या लाइनमनने. तांब्याच्या तारांची जोडी कमी पडली म्हणून माझी आणि शेजारची लाइन एकाच जोडीवर, मध्ये एक डबा बसवून चालवली होती. बोलायला काही फरक पडत नाही. पण ५६के, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५६,००० बिट्सची व्ही.९० ही पद्धत, चालायला इंटरनेटवाल्यापासून तुमच्यापर्यंत सिग्नलचं डिजिटलमधून अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर एकदाच व्हावं लागतं. तो डबा आणखी एक रूपांतर करतो आणि मोडेम जुन्या, हळू व्ही.३४ पद्धतीवर उतरतो. त्याने मला रिकाम्या जोडीवर हलवलं. त्याच संध्याकाळी ४६,६६७ दिसले.

म्हणून ‘वेग’ हा शब्दच काढू नका. विचारा: “माझी लाइन स्वतंत्र जोडीवर आहे की दुसऱ्या लाइनबरोबर वाटून दिली आहे?” तेही लेखी, तक्रार क्रमांक घेऊन.

मी इंजिनिअर नाही, तुमचं कारण वेगळंही असू शकेल. आकडा रोज बदलत असेल, पावसानंतर कोसळत असेल, तर कुठल्यातरी जोडात पाणी शिरलंय असं समजा. फोन उचलून एकच आकडा दाबा, डायलटोन थांबेल, त्या शांततेत ऐका. खरखर आली तर ‘बोलताना खरखर येते’ हीच तक्रार द्या, ती त्यांना टाळता येत नाही. खरखर नसताना मात्र ती सांगू नका. माणूस येईल, ऐकेल, तक्रार बंद करेल आणि पुढच्या वेळी तुमचं कोणी ऐकणार नाही. एक्सचेंज फार लांब असेल तर भांडून उपयोग नाही, हेही सांगून ठेवतो.

तोपर्यंत मोडेमला व्ही.३४ वरच बांधून ठेवा, जोडणी लवकर होते आणि कमी तुटते. एस१० रजिस्टरची, म्हणजे सिग्नल गेल्यावर मोडेमने किती वेळ थांबायचं त्या सेटिंगची, किंमत थोडी वाढवली तर क्षणभराच्या खंडाने तो फोन ठेवून देत नाही. कॉल वेटिंग बंद आहे ना, तेही पाहा.