बाजरीतील काळे खडे आणि भाकरीनंतरची गुंगी

प्रश्न : बाजरी फुलोऱ्यात असताना आठवडाभर झिमझिम पाऊस झाला. कणसांवर मधासारखा चिकट द्रव आला आणि मळणीनंतर दाण्यांत काळपट, टणक खडे दिसले. त्या पिठाची भाकरी खाल्ल्यावर घरातील दोघांना मळमळ व गुंगी आली. हे धान्य टाकून द्यावे का? त्यातले बी पेरता येईल का?
— एक शेतकरी वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : प्रथम, दळलेले पीठ आजच बाजूला काढा, ते जनावरांनाही घालू नका, कारण पिठातून खडे वेगळे करता येत नाहीत आणि भाजल्याने विष पुरते जात नाही. ज्यांना त्रास झाला त्यांना डॉक्टरांना दाखवा व भाकरीचा उल्लेख आवर्जून करा.

आपण वर्णन केलेला रोग अरगट हा बुरशीजन्य रोग आहे. बाजरीच्या फुलात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात आणि पराग नंतर सुटतो. या मधल्या काळात बुरशी स्त्रीकेसरातून आत शिरते, मात्र परागीकरण होताच स्त्रीकेसर सुकतो व ती वाट बंद होते. ढगाळ, पावसाळी हवेत पराग धुऊन जातो आणि बुरशीचे बीजाणू मात्र चिकट द्रवातून फुलाफुलांवर पसरतात, म्हणून आपल्याकडे असे घडले. दाण्याच्या जागी तयार होणाऱ्या काळ्या गाठींमध्ये, म्हणजे आपल्याला दिसलेल्या खड्यांमध्ये, विषारी अल्कलॉइडे असतात, त्यांनीच मळमळ, उलटी, चक्कर आणि गुंगी येते.

न दळलेले धान्य मात्र वाचवता येते. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात थोडे थोडे धान्य टाका व ढवळा. गाठी हलक्या असल्याने तरंगतात, त्या काढून जाळून टाका. खाली बसलेले दाणे स्वच्छ पाण्याने तीनदा धुऊन वाळवा आणि दळण्यापूर्वी परातीत पसरून पुन्हा निवडा. बियाण्यासाठीही हीच रीत आहे, फक्त धुतलेले बी सावलीत वाळवावे; तरीही मला स्वतःला पेरणीसाठी रोगमुक्त शेतातले बी घेणे अधिक बरे वाटते. मळणीवेळी सांडलेल्या गाठी पुढच्या पावसाळ्यात रुजतात, म्हणून त्या शेतात उन्हाळ्यात खोल नांगरट करा आणि पुढच्या हंगामात बाजरीवर बाजरी घेऊ नका.

मिठाच्या पाण्याचा हा उपाय मक्यावरील बुरशीला लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा भागांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने दगावली. त्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही आणि धुऊनही पुरते निघत नाही, त्यामुळे तसा मका खाण्यातून काढूनच टाकावा.