पुण्याजवळच्या काळ्या मातीतून अ‍ॅझोटोबॅक्टर (हवेतला नायट्रोजन वापरणारा जिवाणू) मिळालाय, त्याची प्रजाती क्रोकॉकम की व्हिनलँडी हे कसं ओळखायचं?

रंगावरून ओळखा: क्रोकॉकमची वसाहत जुनी होता होता तपकिरी-काळी पडते आणि तो रंग वसाहतीतच राहतो. व्हिनलँडी पिवळट-हिरवा रंग सोडतो, तो आगरमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) पसरतो आणि यूव्ही दिव्याखाली चमकतो. कारण रंगद्रव्यंच वेगळी आहेत. क्रोकॉकमचं मेलॅनिन पाण्यात विरघळत नाही, तर व्हिनलँडीचं लोह पकडणारं द्रव्य पाण्यात विरघळतं.

घाई मात्र करू नका. अ‍ॅशबी मॅनिटॉल आगरवर (नायट्रोजन न घातलेलं माध्यम) २८ ते ३० अंशाला तिसऱ्या दिवशी दोन्हींच्या वसाहती सारख्याच, शेंबडासारख्या बुळबुळीत आणि पारदर्शक दिसतात. प्लेट सुकू न देता आठ-दहा दिवस ठेवा. माध्यमात फेरस सल्फेट (लोहाचा क्षार) जास्त पडलं असेल तर हिरवा रंग येतच नाही, आणि मग व्हिनलँडी नाही असं उगाच लिहिलं जातं.

रंगाबरोबर या दोन चाचण्या लावा:
- स्टार्च हा एकमेव कार्बनस्रोत: क्रोकॉकम वाढतो, व्हिनलँडी नाही.
- ऱ्हॅम्नोज (एक साखर) हा एकमेव कार्बनस्रोत: नेमकं उलट.

एक सावधगिरी: फ्लुरोसंट स्यूडोमोनास हा दुसरा जिवाणूही हिरवा चमकतो, आणि आगरमधल्या किंचित नायट्रोजनवर तो अ‍ॅशबीवरही तग धरतो. म्हणून जुन्या वसाहतीचा स्मिअर (काचपट्टीवरचा पातळ थर) सूक्ष्मदर्शकाखाली बघाच. जाड भिंतीच्या गोल सिस्ट (सुप्त पेशी) दिसल्या तरच तो अ‍ॅझोटोबॅक्टर. नावावर शिक्कामोर्तब हवं असेल तर १६एस आरआरएनए जनुकाचं सिक्वेन्सिंग (जनुकातला क्रम वाचणं) करून घ्या.