मूल तिसरीत आणि गाव म्युनिक

ताई, तुम्ही विचारलंत की मिस्टरांना जर्मनीत म्युनिकमध्ये ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या वर्क परमिटवर, नोकरी मिळाली आहे, मुलगा दुसरी संपवून सप्टेंबरमध्ये तिसरीत बसेल, तर सगळ्यांनी एकदमच यावं का. व्हिसा, इन्शुरन्स, पत्त्याची नोंदणी हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, ते तिथे वाचा. मला तुमचा 'तिसरीत' हा शब्द वाचून रात्री झोप लागली नाही. आम्हीही २०१६ मध्ये सांगलीहून असेच आलो होतो, आठ वर्षांच्या मुलाला घेऊन.

म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. चौथीच्या मे महिन्यात एक प्रगतिपुस्तक मिळतं. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीनच विषयांची सरासरी बघतात. इथे १ सगळ्यात चांगला आणि ६ सगळ्यात वाईट. २.३३ पर्यंत आली तर गिम्नाझिउम, म्हणजे पुढे सरळ विद्यापीठाकडे नेणारी शाळा. २.६६ पर्यंत रेआलशुल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. त्याच्याही पलीकडे गेली तर मिटेलशुल, म्हणजे मुख्यतः कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी शाळा. बर्लिनला प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, पण नोकरी म्युनिकची असली की त्याचा काय उपयोग!

माझ्या मुलाला गणितात २, जर्मनमध्ये ३, परिसर अभ्यासात ३. सरासरी २.६६. एका विषयातल्या एका अंकाने गिम्नाझिउम गेलं. परिसर अभ्यासाचा जंगलावरचा पेपर मी अजून जपून ठेवलाय. झाडांच्या पानांची चित्रं होती, खाली नावं लिहायची होती. ओकच्या पानाखालची रेघ त्याने रिकामी सोडली आणि शेजारी पेन्सिलीने टोपीसकट त्याचं फळ काढलं. शाळेतून येताना तीच फळं खिसे भरभरून आणायचा. झाड ओळखत होता, जर्मन नाव आठवलं नाही.

आणि खरी सल पुढे आहे. मातृभाषा जर्मन नाही आणि पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हतं, अशा मुलाला सरासरी ३.३३ पर्यंत गेली तरी शाळा गिम्नाझिउमसाठी योग्य ठरवू शकते. मार्क भाषेमुळे कमी पडले आणि ती कमतरता भरून निघेल, असं शाळेला वाटलं पाहिजे, एवढीच अट. हे मला तो सातवीत असताना एका तुर्की आईकडून कळलं. वर्गशिक्षिकेने सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. ज्युनियर कॉलेजात अकरा वर्षं शिकवलेली बाई मी, पालकसभेत नुसती हसून मान हलवत बसायचे, कारण दोन वाक्यांपुढे माझं जर्मन जात नव्हतं. त्या मे महिन्यात प्रगतिपुस्तक हातात आलं तेव्हा मी त्याला जिन्यातच रागावले. घरात जाईपर्यंतही थांबले नाही. तो बुटांच्या नाड्या सोडत खाली बघत राहिला.

कागदपत्रांचं एकच सांगते. पासपोर्टवर मुलाच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असेल, तर इथे ती दोन्ही मुलाचीच नावं समजतात. आमच्याकडे पहिले काही महिने वर्गात त्याला वडिलांच्या नावाने हाक मारत होते आणि तो मुकाट्याने 'ओ' देत होता. मला नाताळाच्या सुमारास कळलं. पहिल्याच दिवशी कोणत्या नावाने हाक मारायची ते शाळेला लिहून द्या.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, सवय होते. मंडळाचा गणपती असतो, माणसं मिळतात. त्यावर फार विचार करू नका.

रेआलशुलनंतर वाट बंद होत नाही, हे खरं आहे. दहावीनंतर फाखओबरशुल, म्हणजे उच्च शिक्षणाकडे नेणारी पुढची शाळा, करून पुढे शिकता येतं. माझ्या मुलाने ते केलं नाही. तो आता मेकॅट्रॉनिक्सचं (यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स) आउसबिल्डुंग, म्हणजे व्यवसाय प्रशिक्षण, करतोय, साडेतीन वर्षांचं. काही दिवस कंपनीत, काही दिवस शाळेत, दर महिन्याला पगार. पहिल्या पगारातून त्याने मला हिवाळी बूट आणले. तो खूश आहे, मनापासून खूश आहे. तरी सांगलीला फोनवर कुणी विचारलं की मी 'इंजिनिअरिंगच करतोय' म्हणते आणि विषय बदलते. मागच्या महिन्यात तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, त्याने ते ऐकलं. काही बोलला नाही. मला दुःख त्याच्यासाठी होतं की माझ्यासाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तेव्हा ताई, मिस्टरांना पुढे येऊ द्या, पण तुम्हाला वर्षभर मागे राहा असं मी म्हणणार नाही. तेवढ्यात मूल चौथीत जाईल आणि ते आणखी वाईट. याच सप्टेंबरला या आणि त्याला पुन्हा दुसरीत बसवता येईल का ते शाळेला विचारा. वर्ष वाया जातंय असं सासरचे म्हणतील, म्हणू द्या. आणि तुमचा स्वतःचा जर्मनचा क्लास आजच लावा, मुलाच्या आधी तुमचा. त्याचा जन्म कोणत्या महिन्यातला, ते मला कळवा. शाळेला पाठवायचं पत्र मी जर्मनमध्ये लिहून देते.