सहा इंच जागा आणि दहा वर्षांचे हप्ते

औसा तालुक्यातील एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय ६०, पत्नीचे ५७. दोघांचेही गुडघे दुखतात आणि पत्नींना मधुमेह व रक्तदाब आहे. मुलगी न्यू जर्सीत असते आणि तिच्या बाळंतपणासाठी दोघांना पाच महिने तिकडे जायचे आहे. मुंबईहून थेट विमानाचे जाऊन-येऊन तिकीट इकॉनॉमीत माणशी १ लाख १० हजार, प्रीमियम इकॉनॉमीत २ लाख १० हजार आणि बिझनेस क्लासमध्ये ४ लाख २० हजार पडते, असे जावयांनी कळवले आहे. सोबत त्याच विमान कंपनीच्या आसनांविषयी प्रवाशांनी लिहिलेली चौदा मतेही त्यांनी पाठवली आहेत. एकजण म्हणतो, ‘पाय लांब करून छान झोप लागली’. दुसरा म्हणतो, ‘सोळा तास गुडघे पुढच्या पाठीला टेकून बसलो, शत्रूलाही पाठवू नका’. सर विचारतात, कोणाचे खरे मानावे आणि माणशी एक लाख जास्त घालावेत का? पुढे ते सहज लिहितात, ‘पैशाची तशी अडचण नाही. निवृत्तीच्या वेळी बँकेतल्या साहेबांनी दरवर्षी ४ लाखांची, दहा वर्षांची ठेव करून दिली आहे. दोन वर्षे भरली. पुढच्या महिन्यात तिसरा भरणा केला की त्यातूनच तिकिटापुरते काढून घेऊ.’

सर, आधी आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते सोपे आहे.

प्रवाशांची मते परस्परविरोधी दिसतात, पण बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. पाच फूट तीन इंचांच्या माणसाला जी जागा ऐसपैस वाटते, त्याच जागेत सहा फुटी माणसाचे गुडघे अडतात. शिवाय एकाच कंपनीच्या दोन विमानांत आसने वेगवेगळी असतात. इकॉनॉमीत एका आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचे अंतर, ज्याला पिच म्हणतात, साधारण ३१-३२ इंच असते, आणि त्यातच आसनाच्या पाठीची जाडीही मोजलेली असते, त्यामुळे पायांना मिळणारी जागा त्याहून कमीच राहते. रुंदीचे सांगायचे तर एका ओळीत दहा आसने बसवलेल्या बोइंग ७७७ मध्ये ती सुमारे १७ इंच असते आणि नऊ आसनांच्या एअरबस ए३५० मध्ये सुमारे १८. प्रीमियम इकॉनॉमीत पिच ३८ इंचांच्या आसपास जातो आणि रुंदी एक-दोन इंचांनी वाढते. तेव्हा मत वाचताना कंपनीचे नाव पाहून भागत नाही. विमान कोणते होते, लिहिणाऱ्याची उंची आणि वय काय आणि तिकिटाचे पैसे कोणी भरले, हे पाहावे. आपले नांदेडचे साडू बिझनेसमधून ‘आडवे होऊन’ गेले, असे आपण लिहिता. त्यांचे तिकीट त्यांच्या कंपनीने काढले होते, म्हणून त्यांचे मत मी या हिशेबात धरत नाही.

त्या चौदा मतांत एक तक्रार तीनदा आली आहे आणि मला तीच सर्वांत कामाची वाटते: ‘एवढे पैसे भरूनही झोप लागली नाही’. प्रीमियम इकॉनॉमीचे आसन थोडे अधिक मागे जाते, पण सपाट होत नाही. सपाट पलंग बिझनेसमध्ये मिळतो. झोपेच्या आशेने प्रीमियम इकॉनॉमी घेणाऱ्याची निराशा ठरलेली असते. गुडघ्यांसाठी घेणाऱ्याला मात्र सहा इंचांचा फायदा खरोखर होतो.

त्या फायद्याची किंमत अशी. थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात, जाऊन-येऊन बत्तीस तास धरा. एक लाखाचा फरक म्हणजे माणशी तासाला तीन हजारांहून थोडे अधिक. त्यातही २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवर ५ टक्के आणि त्यावरच्या सर्व वर्गांवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे आपण ज्याला सहा इंचांची किंमत समजता, त्या एक लाखातले पंचवीस हजारांच्या आसपास कराचेच आहेत. याउलट इकॉनॉमीतच अधिक पायजागेची, मधल्या वाटेकडेची आसने आधी पैसे भरून घेतली, तर दोघांचे दोन्ही वेळचे मिळून चाळीस-पन्नास हजारांत भागावे. आपत्कालीन दाराजवळची आसने मात्र मागू नका, कारण व्हीलचेअरची मदत घेणाऱ्या प्रवाशाला तिथे बसू देत नाहीत आणि ती मदत तर आपण दोघांनीही तिकिटासोबतच नोंदवायची आहे. भिंतीसमोरच्या पहिल्या ओळीचाही मोह नको. तिथे हाताचे दांडे उचलता येत नाहीत, आणि पाळणे त्याच भिंतीला लागतात.

खरा त्रास एका जागी बसून राहण्याचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासाने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात तो धोका लहान, सुमारे सहा हजारांत एक इतका आहे, परंतु महागड्या आसनावर न हलता बसून राहिल्यानेही तो टळत नाही. दर तासा-दीड तासाला उठून चालता यावे, यासाठीच वाटेकडेचे आसन हवे. आपण लातूरहून रात्रीच्या रेल्वेने मुंबईला उतरून त्याच दिवशी विमानात बसणार आहात, तो बेतही बदला. मुंबईत एक रात्र झोप काढायला चार-पाच हजार लागतील आणि माझ्या मते त्या पैशांइतका आराम या प्रवासात दुसऱ्या कशातून मिळणार नाही.

आपला प्रश्न इथे संपला. आता ‘ठेवी’कडे वळतो.

आपण पत्रासोबत दोन छायाचित्रे जोडली आहेत. एक आहे बँकेतल्या पैसे भरण्याच्या स्लिपच्या पाठकोऱ्या बाजूचे, जिच्यावर साहेबांच्या हातचे ‘४ × १० = ४०, मिळणार ७२, हमखास’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. दुसरे आहे आपण ज्याला ठेवीची पावती म्हणता, त्या कागदाचे. सर, ती ठेवीची पावती नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे. उजव्या कोपऱ्यात ‘विमा हप्ता, वार्षिक, मुदत १० वर्षे’ असे छापले आहे. त्यातून तिकिटापुरते पैसे काढता येणार नाहीत. तिसरा हप्ता भरला तर तो तिथेच राहील आणि चौथ्याची तारीख लागेल.

‘४० चे ७२’ हे खोटे नाही, म्हणूनच ते जास्त फसवे आहे. पहिली दहा वर्षे आपण दरवर्षी ४ लाख भरायचे आणि बाराव्या वर्षाच्या शेवटापासून, म्हणजे आपल्या सत्तराव्या वर्षापासून एकोणऐंशीपर्यंत, दरवर्षी ७ लाख २० हजार घ्यायचे, अशी ही योजना आहे. आपला प्रत्येक रुपया सरासरीने बारा वर्षे अडकतो आणि बारा वर्षांनी त्याचा एक रुपया ऐंशी पैसे होतो. हा दर वर्षाला ५ टक्के पडतो. लातूरच्या आडतीत सोयाबीन घातले आणि आडत्या म्हणाला, ‘भाव ८० टक्के जास्त देतो, पट्टी मात्र बारा वर्षांनी करतो’, तर आपल्या वर्गातला सातवीचा मुलगाही पोते परत गाडीत टाकेल. बँकेच्या काचेआड बसलेल्या माणसाने तेच सांगितले की आपण सगळे, आणि ‘आपण’ मी विचारपूर्वक म्हणतो, कारण माझ्या वडिलांनीही अशाच एका कागदावर सही केली होती, मान डोलावतो.

पाच टक्क्यांचेही एक वेळ सोडून देऊ. हे हप्ते भरायचे कोठून, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. निवृत्तिवेतन हाती ४६ हजार, घरखर्च ३८ हजार, म्हणजे वर्षाला एक लाखाच्या आसपास शिल्लक. ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाच्या काही भागाऐवजी घेतलेली एकरकमी रक्कम) आणि भविष्य निर्वाह निधीचे मिळालेले ४४ लाख. त्यांतले २१ घराच्या वरच्या मजल्यात आणि जुन्या कर्जात, ८ या पॉलिसीत गेले, १५ बँकेत उरले. अजून आठ हप्ते, ३२ लाख भरायचे आहेत. प्रीमियम इकॉनॉमीची दोन तिकिटे ४ लाख २० हजारांची काढली, तर उरलेल्या रकमेचे व्याज आणि दरवर्षीची बचत धरूनही आणखी तीन हप्ते भरता येतील आणि मग तळ दिसेल. ज्या माणसाकडे ही रक्कम नाही आणि कधी येणारही नाही, त्याला दहा वर्षांचा हप्ता विकणाऱ्याला हा हिशेब करता येत नव्हता, असे मला वाटत नाही. त्याला महिनाअखेरचे उद्दिष्ट गाठायचे होते.

म्हणून तिसरा हप्ता भरू नका. मात्र रागाच्या भरात पॉलिसी मोडायलाही धावू नका, कारण इथे घाईत दुसरी चूक होते. कंपनीला लेखी पत्र देऊन दोन आकडे मागवा: आज मोडली तर हातात किती येतील, आणि हप्ते थांबवून ती पेडअप केली, म्हणजे न मोडता कमी लाभावर चालू ठेवली, तर पुढे दरवर्षी किती मिळतील. अशा पॉलिसीत दोनच वर्षे झाली असताना मोडल्यास भरलेल्या ८ लाखांतले निम्मेही हाती येतील, अशी खात्री धरू नये. समजा साडेतीन लाख आले. पेडअप केली तर भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात लाभ राहतो. दहांपैकी दोन भरले, म्हणून ७ लाख २० हजारांचा पाचवा भाग, सुमारे १ लाख ४४ हजार, सत्तरीनंतर दहा वर्षे. आज साडेतीन लाख घेऊन तेवढे उत्पन्न उभे करायचे तर मधल्या काळात दहा टक्क्यांहून अधिक व्याज मिळायला हवे आणि ते खात्रीने देणारी जागा मला तरी ठाऊक नाही. आकडे याच्या आसपास आले, तर पॉलिसी पेडअप करून कपाटात ठेवणे बरे. आकडे फार वेगळे आले, तर मला पुन्हा लिहा.

पण त्याही आधी तक्रार करा. पॉलिसीच्या पुस्तिकेत आपण सही केलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रत जोडलेली असते. त्यात ‘वार्षिक उत्पन्न’ आणि ‘व्यवसाय’ हे रकाने पाहा. अशा प्रकरणांत निवृत्त माणसाच्या नावापुढे ‘शेती व व्यवसाय, उत्पन्न १२ लाख’ असे दुसऱ्याच अक्षरात लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. आपल्याही अर्जात तसे असेल, तर तो कागद आणि ती पाठकोरी स्लिप ही आपली सर्वांत भक्कम बाजू आहे. मूळ कागद कोणालाही देऊ नका, ‘बघून परत देतो’ म्हणणाऱ्या साहेबांना तर नाहीच. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करा. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. सगळे हप्ते परत मिळतीलच, असे आश्वासन मी देणार नाही. आश्वासने आपल्याला पुरेशी मिळाली आहेत.

बँकेतले १५ लाख तसेच पडू देऊ नका. त्यांतले १० लाख टपाल कार्यालयात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. एप्रिल २०२३ पासूनच्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला २० हजार ५०० रुपये खात्यात येतील, आणि हा दर खाते उघडल्यापासून पाच वर्षे आपल्यासाठी बदलत नाही. साठ वर्षे पूर्ण झाल्यावर जे खाते आपण सहज उघडू शकता, त्याचे नाव त्या साहेबांनी एकदाही काढले नाही, कारण त्यावर त्यांना काही मिळत नाही.

उरलेल्या ५ लाखांत इकॉनॉमीची दोन तिकिटे २ लाख २० हजार, आसनांचे ५० हजार आणि मुंबईचा मुक्काम बसतो. प्रवास विमा जावयांनी ‘स्वस्तातला’ घेतला आहे, असे आपण लिहिता, तो बदला. सौभाग्यवतींना मधुमेह आणि रक्तदाब असताना, आधीपासूनच्या आजारांना संरक्षण नसलेला विमा घेऊन अमेरिकेत पाच महिने राहणे हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत महागडा धोका आहे. त्या विम्याला दुप्पट पैसे पडले तरी द्या; एवढे करूनही हाताशी दीड लाखाच्या आसपास राहील. तक्रारीतून काही रक्कम परत आली, तर परतीच्या प्रवासाचा वर्ग नंतरही पैसे भरून वाढवता येतो का, ते तिकीट काढतानाच विचारून ठेवा.

हप्ता पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला आपोआप कापला जाणार आहे, असे कागदावर दिसते. तेव्हा सोमवारी बँकेत जाऊन कपातीची परवानगी लेखी रद्द करा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून उठू नका. साहेब चहा मागवतील. तो घ्यायला हरकत नाही.